एका फर्म्याचे पाच साक्षीदार

त्या सकाळी दहा वाजता शिलाईच्या कारखान्यात एकही यंत्र चालू नव्हते. तरीही जो गलबला तिथे उसळला होता, तो चारशे कोटांची मागणी पुरी करण्याच्या दिवसांतही कोणी ऐकला नव्हता. कापणीच्या लांब टेबलावरचे कापड गुंडाळून ठेवले होते आणि त्याच्या जागी पाच प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, कडेला कड लावून, ओळीने मांडले होते. घरच्या थोरल्या मुलाने ते इतके नेटके मांडले होते, की आता त्यांवर खडूची रेघ मारून कात्री चालवायची तेवढी बाकी आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे.

दुपारी तीन वाजता कुटुंब न्यायालयात बॉबिनच्या ताब्याची सुनावणी होती. बॉबिन म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची नऊ वर्षांची मुलगी. ती एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनी तिला हे नाव दिले होते, आणि शाळेच्या दाखल्याखेरीज ते सर्वत्र चालत होते. तिच्या आईने, घरातल्या धाकट्या सुनेने, चार महिन्यांपूर्वी इस्लाम स्वीकारला होता. कोणाच्या प्रेमात पडून नव्हे, की कोणाच्या दडपणाखाली नव्हे. दोन वर्षे वाचून आणि विचार करून. घराला तेच अधिक झोंबले होते. दडपणाचा राग दडपणाऱ्यावर काढता येतो. विचाराचा राग कोणावर काढावा? स्वीकारल्यानंतर आठ दिवसांनी तिने घरात सांगितले, आणि सांगितल्याच्या तिसऱ्या दिवशी ती घराबाहेर होती. बॉबिन मोठ्या घरातच राहिली. आईला ती फक्त रविवारी, तेही तिथेच, आजोबांच्या बहिणीच्या देखत, भेटत असे. आज त्या रविवारांवरही काट मारायची, असा थोरल्याचा बेत होता.

थोरला आज आनंदात होता, आणि त्या आनंदाला कारण होते. आयुष्यभर त्याने वडिलांनी आखलेल्या रेघांवर कात्री चालवली होती. आजचा फर्मा, ज्यावरून बाकीचे कापायचे तो नमुना, पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा होता. शाळेजवळच्या वह्यावाल्याने त्याला सहज सांगितले होते, की दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी भर दुपारी तुमची पोर मशिदीसमोर दिसली. 'मशिदीसमोर'पासून 'मशिदीत'पर्यंतचे अंतर थोरल्याने दोन संध्याकाळी बसून कापले, आणि मजकूर तयार झाला: आईने मुलीला शाळेतून परस्पर काढले, तिच्या मनाविरुद्ध आत नेले, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जे घडलेच आहे ते आपण पाहिले असे म्हटल्याने घडलेल्या गोष्टीत काय फरक पडतो, असा त्याचा युक्तिवाद होता; आणि घरात कोणाला वादाची उमेद उरली नसल्यामुळे तो बिनतोड ठरला होता.

वकीलबाईंनी फक्त दोन गोष्टी मागितल्या होत्या: साक्षीदार किमान पाच हवेत, आणि दोन वाजता शपथेसाठी सगळे हजर हवेत. पाच होते. थोरल्याचे वडील, ज्यांना घरात बाबा आणि बाहेर सारे मास्तर म्हणत, मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, थोरला, त्याची बायको, आणि धाकटा. पहिल्या चौघांनी मजकूर उतरवून काढला होता. धाकट्याचा कागद थोरल्यानेच लिहून ठेवला होता. धाकटा काज-बटणाच्या यंत्राचे झाकण उघडून त्यात डोके घालून बसला होता. ते यंत्र बिघडलेले नव्हते.

"चष्मा सापडला का रे तुझा?" आत्याने मास्तरांना विचारले. "नाही तर डोळ्यांनी पाहिलं म्हणून शपथ घ्यायची, आणि सही कुठे करायची ते दिसायचं नाही."

मास्तर हसले. गेल्या चार महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले, असे थोरल्याच्या बायकोच्या, थोरलीच्या, लक्षात आले, आणि हातातला कागद तिने अधिकच सावकाश वाचायला घेतला.

थोरलीचे काम तपासणीचे. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कपडा तिच्या हातांखालून जाई. ती तो उलटा करी, शिवणीला दोन्ही बाजूंनी ताण देई, आणि खिडकीशी धरून पाही. वीस वर्षांच्या या सवयीमुळे तिला सरळ बाजूवर विश्वास ठेवणे जड जात असे. शिवाय आज तिच्या मनात आणखी एक ताण होता, जो तिने कोणालाच दाखवला नव्हता. तिला मूल नव्हते. चार महिने बॉबिनची वेणी तीच घालत होती, आणि आजच्या निकालाने ती वेणी कायमची तिच्या हाती येणार होती. पाचही कागद तिने एकेक करून वाचले, मग पुन्हा पहिला घेतला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे पाचही जण तिथे एकटेच होते का?"

थोरल्याला प्रश्न कळला नाही.

"'त्या वेळी त्या ठिकाणी माझ्याखेरीज आमच्या घरचे अन्य कोणीही उपस्थित नव्हते.' हे बाबांच्या कागदात आहे. आत्यांच्या कागदात आहे, तुमच्या आहे, भाऊजींच्या आहे. माझ्याही आहे. मग मी बाबांना दिसले कशी नाही?"

पुढे ही चूक अनेकदा सांगितली गेली आणि दर वेळी ऐकणाऱ्याने विचारले, की पाच शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ती ध्यानात कशी आली नाही. उत्तर त्यांच्या धंद्यात होते. या घरात कापडाचे चाळीस थर एकावर एक रचत, वर एक फर्मा ठेवत, आणि एकाच कापात चाळीस पाठी किंवा चाळीस बाह्या निघत. वरच्या थराकडे पाहायचे. खालचे थर पाहण्याची रीतच नव्हती. बदलायचे ते फक्त माप, आणि इथे मापाच्या जागी नाव आणि नाते बदलले होते.

"माझ्या कागदात आणखी एक घाल," आत्या म्हणाली. "ही बाई गुडघ्यामुळे सहा महिने घर आणि कारखाना सोडून कुठे गेलेली नाही. मशिदीपर्यंत पोचली कशी, तेही शपथेवर सांगावं लागेल मला."

थोरला डगमगला नाही. शिवण उसवून पुन्हा घालता येते, असे म्हणून त्याने ती ओळ पाचही कागदांतून खोडली आणि मोठ्या उत्साहाने सगळ्यांना जागा वाटून द्यायला लागला. त्या उत्साहाची लागण इतरांनाही झाली. मास्तरांना औषधांच्या दुकानापाशी उभे केले, तर त्यांनी हरकत घेतली, की त्या दुकानदाराशी आपले तीन वर्षे बोलणे नाही आणि तिथे आपण मेलो तरी उभे राहणार नाही. म्हणून त्यांना बसथांब्यावर हलवले. आत्याला खिडकी दिली, मग त्या खिडकीतून ती गल्ली दिसत नाही हे आठवले, आणि खिडकी काढून घेतली. अर्धा तास हा खेळ असा रंगला, की आपण कशासाठी जमलो आहोत याचा सर्वांना सुखाने विसर पडला. फक्त यंत्रामागून काहीच आवाज येत नव्हता.

थोरली मात्र भिंतीकडे गेली होती. खुंट्यांवर जुने फर्मे टांगलेले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात कापण्याची तारीख आणि कापणाऱ्याची सही, अशी मास्तरांची शिस्त. तिने पांढऱ्या कोटाचा फर्मा उतरवला आणि टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवला.

"ती त्या दिवशी इथे होती," ती म्हणाली.

सही धाकट्या सुनेची, धाकटीची होती आणि तारीख त्याच शुक्रवारची. घरातून बाहेर पडल्यावरही ती आठ आठवडे कारखान्यात येत होती, कारण रुग्णालयाच्या चारशे कोटांचे काम तिने अंगावर घेतले होते, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मास्तर तयार नव्हते. ती सकाळी मागच्या दाराने येई, कोणाशी न बोलता कापत राही, दुपारी कोठाराच्या खोलीत नमाज पढे आणि पुन्हा टेबलाशी उभी राही. त्या आठवड्यात थोरला कापड आणायला परगावी होता. त्याला हे ठाऊक नसणे क्षम्य होते. बाकीच्यांना ते ठाऊक असायला हवे होते. थोरलीने त्या दिवसाचे कोट स्वतः तपासले होते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत धाकटी या कारखान्यातून बाहेर पडली नव्हती.

"तारीख बदलू," थोरला म्हणाला. पण आता त्याच्या आवाजात मघाची उभारी नव्हती.

"तारीख बदलून काय होणार? पोर तर त्याच शुक्रवारी दिसली म्हणता. मग तिला नेलं कोणी?"

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी तपासायला बसले आहे," थोरली म्हणाली. "बॉबिन इथे राहावी असं माझ्याइतकं कोणाला वाटतं, ते मला विचारू नका."

तेव्हा यंत्राचे झाकण बंद झाल्याचा आवाज आला. धाकटा उठून टेबलापाशी आला. त्याचे हात तेलाने माखले होते, म्हणून त्याने कागदाला स्पर्श केला नाही.

"मीच नेलं होतं तिला," तो म्हणाला.

पंधरा दिवस हे वाक्य त्याच्या घशात होते. थोरल्याने पहिल्यांदा ती बातमी सांगितली तेव्हाच ते बाहेर पडले असते. पण त्या संध्याकाळी बॉबिन त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती, आणि नुसते गप्प बसण्याने ती आपली राहणार असेल, तर गप्प बसणे हे खोटे बोलणे नव्हे, असे त्याने स्वतःला समजावले. पुढे मसुदा आला, आणि गप्प बसणे व सही करणे यांतले अंतर दिवसागणिक कमी होत गेले. आता ते एका लेखणीइतके उरले होते. त्याने सगळे सांगितले. शाळेत दाताचे कारण देऊन अर्ध्या दिवसाची सुटी स्वतःच्या सहीने घेतली होती. शाळेचे रजेचे पुस्तक समोरचा वकील मागवणारच होता. पण ही भीती आपल्याला आत्ता सुचली, आधी नव्हे, हेही त्याने लपवले नाही.

"पण कशाला?" मास्तरांनी विचारले.

"बघायचं होतं, बाबा. अकरा वर्षं एका घरात राहिलो, आणि ती आता कुठे असते तेच मला दिसत नव्हतं. ती इथे कापत होती, तिथे भेटणार नाही हे माहीत होतं. म्हणून तोच दिवस धरला. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. लोक आत गेले, बाहेर आले. चपला शोधायला त्यांना बराच वेळ लागला. बस, एवढंच दिसलं."

यानंतर जे झाले ते भांडण नव्हते. भांडणाला दोन बाजू लागतात, आणि इथे प्रत्येक जण आपली बाजू बदलत होता. सुनेचे नाव चार महिने तोंडी न घेणारी आत्या म्हणाली, की पोराने सही करू नये. आणि लगेच असेही म्हणाली, की त्याने कोर्टात तोंडही उघडू नये; कोणी विचारले नाही ते सांगायला जाणारा माणूस तिने तरी पाहिलेला नाही. थोरल्याने आधी भावाला भित्रा म्हटले, मग बायकोला घरभेदी, आणि शेवटी, कोणीच उलट बोलेना तेव्हा, स्वतःलाच शिव्या घातल्या. वह्यावाल्याला आपण एक प्रश्न अधिक विचारायला हवा होता, एवढे त्याने कबूल केले. वकीलबाईंचा फोन आला. प्रतिज्ञापत्रांशिवाय आपली बाजू लंगडी पडेल आणि मुलगी आजच आईकडे जाऊ शकेल, असे त्यांनी स्पष्ट बजावले. फोन ठेवल्यावर सगळे मास्तरांकडे पाहू लागले.

मास्तरांना या सुनेवर राग होता आणि तो खरा होता. तिला कात्री धरायला त्यांनी शिकवले होते; स्वतःच्या मुलांना कधी दिली नाही ती आपली जुनी कात्री तिला दिली होती. तिने एवढा मोठा निर्णय घेतला, आणि रोज आठ तास शेजारी उभे राहून त्यांना चाहूल लागू दिली नाही. ती आता कोणाला भजते यापेक्षा हे त्यांना जास्त लागले होते. नात हवी होती. तरी त्यांनी पाचही कागद गोळा केले, थरासारखे एकावर एक रचले, आणि मोठ्या कात्रीने मधोमध कापले.

"चुकीचं कापलेलं कापड आपण गिऱ्हाइकाला जोडून देत नाही," ते धाकट्याला म्हणाले. "जाऊन सांगतो, की चुकलं. तू जा आणि सांग. आम्ही कोर्टाच्या जिन्यात बसतो."

न्यायालयातल्या समुपदेशकांच्या खोलीत एक गोल टेबल होते, पाण्याचा जग होता, आणि कोपऱ्यात लहान मुलांसाठी ठेवलेले लाकडी ठोकळे. धाकटी वेळेआधी येऊन बसली होती. डोक्यावर तिने राखी रंगाचा रुमाल घट्ट बांधला होता आणि प्रत्येक आरोपाचे उत्तर मनाशी घोटून ठेवले होते. जोडे विकणाऱ्या दुकानावरच्या दोन खोल्या, पडद्यांच्या कारखान्यातली नोकरी, शाळेपासूनचे चालत सात मिनिटांचे अंतर: सगळ्याचे कागद तिच्या पिशवीत होते. आपल्याला हरवण्यासाठी थोरल्या दादांनी काहीतरी शिजवले आहे, हे तिला कळले होते. जेव्हा नवऱ्याच्या वकीलबाई ओठ आवळून म्हणाल्या, की आमच्याकडून काहीही दाखल करायचे नाही, तेव्हा तिला प्रथम सापळ्याचाच वास आला.

मग धाकट्याने बोलायची परवानगी मागितली.

तो सांगत असताना तिला दया आली नाही, राग आला. ज्या दिवशी ती त्याच्याच घरचे कोट कापत उभी होती, त्या दिवशी हा मनुष्य तिच्या मुलीला घेऊन तिच्या आयुष्याच्या दाराशी चोरासारखा उभा होता.

"मी नसताना?" ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी नेलं असतं तुला. आत नेलं असतं."

"तू मला विचारलं होतंस?"

समुपदेशक मध्ये पडले नाहीत. तिच्याकडे घोटलेली उत्तरे वीस होती. हे त्यांत नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "तू नको म्हणशील, आणि मी थांबेन, याची भीती वाटली. मला थांबायचं नव्हतं."

एवढ्या वर्षांत ती त्याला याहून खरे काही बोलली नव्हती, आणि ते ऐकून त्याचे समाधान झाले असेही नव्हे. त्याने टेबलावर दोन्ही तळवे टेकले. नखांच्या कडांना अजून तेल होते.

"बॉबिनचं काय?" त्याने विचारले. "ती कोण होणार?"

"आधी दहा वर्षांची होणार. मग अकरा. काय व्हायचं ते ठरवायला मला पस्तीस वर्षं लागली. तिला मी दोन महिन्यांत ठरवायला लावीन, असं वाटतं तुला?"

"मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. या वेळी आधी विचारतोय."

समुपदेशकांनी तेव्हा लेखणी उचलली. मुलीशी त्यांचे बोलणे आठवड्यापूर्वी झाले होते, आणि दोन्ही घरे तिची आहेत याबद्दल तिला स्वतःला शंका नव्हती, इतकेच त्यांनी सांगितले. त्यांनी सुचवलेली व्यवस्था अंतिम निकालापर्यंतची होती: शाळेच्या दिवसांत मुलगी आईकडे, सुट्टीच्या दिवसांत वडिलांकडे, दोघांपैकी कोणीही तिचे नाव वा धर्म बदलू नये, आणि दुसऱ्या घरच्या माणसांपासून तिला तोडू नये. वकीलबाईंनी धाकट्याच्या बाहीला हलकेच ओढले. सात दिवसांतले पाच जात होते. त्याने ते ऐकले, एकदा छताकडे पाहिले, आणि होकार दिला. मग न्यायाधीशांसमोर दहा मिनिटे, आणि आदेश टंकायला गेला.

जिन्यात बातमी पोचली तेव्हा आत्याने जिंकलो की हरलो एवढेच सांगा म्हटले, आणि कोणालाच ते सांगता येईना. थोरलीने रविवार मोजले, शनिवार मोजले, शाळेच्या लांब सुट्ट्या मोजल्या, आणि वेण्या घालायला शाळेच्या दिवशीही येता येईल का, असे धाकटीला थेट विचारले. धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्यासारखी घट्ट वेणी मला कधी जमली आहे?" थोरला दोन पायऱ्या खाली उभा होता. तो वर आला नाही. पण धाकटी जवळून गेली तेव्हा वाट देण्यासाठी भिंतीला टेकला.

मास्तर मात्र पुढे झाले.

"पडदे कापतेस म्हणे."

"हो, बाबा."

"सरळ रेषेचं काम."

"हो."

"कंटाळशील," ते म्हणाले, आणि बहिणीला हात देऊन जिना उतरू लागले.

आदेशाची प्रत मिळेपर्यंत दोघांना बाकावर थांबायचे होते. शाळा पाचला सुटणार होती आणि दारात आज आई उभी राहणार होती. घड्याळात साडेचार झाले होते. धाकट्याला एकाएकी घाई झाली. जणू प्रवासाला निघालेल्या माणसाला काही द्यायचे राहून जात होते. चार महिन्यांत जे बदलले ते सगळे तो भराभर सांगत सुटला. खालचा एक दात पडला. दूध आता तिला थंडच लागते. भागाकार येतो, पण बाकी उरली की रडते. ती ऐकत होती, मध्येच मान हलवत होती. यातले बरेचसे रविवारांनी तिला सांगितले होते, तरी तिने त्याला थांबवले नाही.

"आणि झोपेतून उठते," तो म्हणाला. "पुढच्या दाराची कडी काढून ठेवते, आणि परत येऊन झोपते. मी लावायचो, ती पुन्हा उठून काढायची. विचारलं तर म्हणाली, आईकडे किल्ली नाही ना."

धाकटीने हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"मग?"

"मग मी लावायची सोडली."